गोधडी घेऊन मेरिमॅकच्या काठी

बुधवार

बोस्टनच्या लोगन विमानतळावर कस्टम्सच्या माणसाने आमची सगळ्यात मोठी बॅग उघडायला लावली. वर लसणाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू, झांजांची जोडी. खाली गोधडी. त्याने ती अर्धी बाहेर ओढली, हातमोजा घातलेल्या बोटाने एक टाका दाबून बघितला आणि विचारलं, कुणी शिवली? मी म्हटलं, आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, चौदा बायांनी. विकायला आणली का? नाही, द्यायला. त्याने ती नीट चौपदरी घडी घालून परत ठेवली. तीस तासांच्या प्रवासाचा शीण मला तिथेच निम्मा उतरल्यासारखा वाटला.

आम्ही तिघं आलो: आमचे पाळकसाहेब (मंडळीचे पास्टर), त्यांच्या मिसेस आणि मी. यायचं होतं चौघांनी. तरुण संघाचा सेक्रेटरी, जो ढोलकी वाजवतो, त्याला व्हिसा मिळाला नाही. मुलाखत दोन मिनिटांची झाली. शेत किती, पगार किती, लग्न झालंय का, एवढंच विचारलं. तो नेवाशाला परत आला तेव्हा त्याने नवा शिवलेला कोट पिशवीतच ठेवला होता. इकडची माणसं आमच्याकडे तीनदा येऊन गेली. त्यांना एकदाही कुणी अडवलं नाही. आमची खेप पहिलीच, आणि चौथी जागा रिकामी.

आमची मंडळी नेवासे तालुक्यातली, साठ-सत्तर घरांची. मेरिमॅक नदीच्या काठच्या एका लहान गावातल्या मंडळीशी आमचं नातं आहे, त्याला एकोणीस वर्षं झाली. त्याच्या मागचं नातं मात्र दोनशे वर्षांचं. आमच्या नगर जिल्ह्यात प्रोटेस्टंट मंडळ्या उभ्या राहिल्या त्या अमेरिकन मराठी मिशनमुळे, आणि ते मिशन निघालं याच मॅसॅच्युसेट्सच्या गावांतून. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय. तोंडात अजून नगरच येतं.

न्यायला आलेल्या बाई एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. नर्स होत्या, आता एकट्या राहतात, गाडी स्वतः चालवतात. सगळे त्यांना नावाने हाक मारतात, पाच वर्षांची पोरंसुद्धा. माझी जीभ वळेना. शेवटी मी विचारलं, मी तुम्हांला मावशी म्हटलं तर चालेल का? मावशी म्हणजे आईची बहीण, हे समजल्यावर त्यांनी गाडी चालवता चालवताच तो शब्द चार वेळा म्हणून पाहिला. "मौशी" इथवर आल्या.

गुरुवार

पहाटे तीनलाच जाग आली. घरी दुपारचे साडेबारा वाजले होते, साडेनऊ तासांचा फरक. खिडकीतून देवळाचा, म्हणजे इथल्या चर्चचा, मनोरा दिसत होता, पांढरा, लाकडी, टोकाला निमुळता. आमचं मंदिर दगडी, इथलं सगळं लाकडाचं. भिंतीवर फळ्यांवर फळ्या, आणि दर काही वर्षांनी रंग द्यावा लागतो. ऑक्टोबरचे पहिले दिवस होते. मेपलची झाडं एका बाजूने लाल व्हायला लागलेली, जशी मिरची देठाकडून हिरवी आणि टोकाकडून लाल असते.

दुपारी देवळाच्या तळघरातल्या सभागृहात बायका जमल्या. त्या दर गुरुवारी क्विल्ट शिवायला बसतात. लांब टेबल, पेट्रोमॅक्सएवढी मोठी कॉफीची किटली, आणि प्रत्येकीने घरून काहीतरी करून आणलेलं. आमच्या महिला मंडळाच्या सभेला आल्यासारखंच वाटलं. फक्त कोपऱ्यात चपलांचा ढीग नव्हता.

मी गोधडी उघडली. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी लोंबली. एक क्षण कुणी बोललं नाही, मग एकदम सगळ्यांचे हात आले. त्यांची क्विल्ट म्हणजे नवं कापड मापाने कापून, त्याचे चौकोन-त्रिकोण जोडून, मध्ये कापूस घालून केलेली. आमची जुन्या लुगड्यांची, थरावर थर, कापूस नाही, वरून खालपर्यंत नुसता धावदोरा. एकीने विचारलं, नवं कापड कुठलं? मी म्हटलं, एकही नाही. हे हिरवं इरकल, हे पांढऱ्या बुंदक्यांचं, हे शाळेतल्या एका बाईंच्या पातळाचा पदर. हे कुणाकुणाच्या अंगावर वापरून मऊ झालेलं आहे, म्हणून याची ऊब वेगळी. पाळकसाहेबांच्या मिसेसनी त्यांना दाखवलं: टाका बोटाच्या पेरावर मोजायचा, कडेने सुरुवात करायची आणि गोल गोल आत यायचं.

मावशींचा हात एका कोपऱ्यावर थांबला. तिथले टाके लांब होते, वाकडे होते, दोन ठिकाणी दोरा गुंतलेला. हा कोपरा माझ्या आईचा. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही तिला सुईचं भोक दिसत नाही, दोरा मीच ओवून दिला. आमच्यातल्या दोघीतिघी म्हणाल्या होत्या, उसवून नीट घालू या, परदेशात जायचीय. मी घालू दिलं नाही. मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मला तुझी आई. डोळ्यांसाठी तिची प्रार्थना करते मी." मला वाटलं, चांगुलपणाने बोलतायत. त्याचा अर्थ रविवारी कळला.

शुक्रवार

ट्रेनने बोस्टनला गेलो. नॉर्थ स्टेशनवर उतरून चालत बीकन स्ट्रीट. चौदा नंबरच्या इमारतीत काँग्रिगेशनल लायब्ररी आहे. नगर, वडाळा, राहुरी, शिरूर, सोलापूर इथल्या माणसांविषयी लिहिलेला कागद शंभर-दीडशे वर्षं या शहरात येत राहिला. आमचं मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचं ऑफिस बरीच वर्षं याच इमारतीत होतं. हस्तलिखितं, पत्रव्यवहार वगैरे नदीपलीकडे हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहे. इथे छापील अहवाल. वाचनालयाच्या उंच खिडक्यांतून खाली जुनी दफनभूमी दिसते, काळ्या पाट्यांचे थडगे, आणि त्यांच्यावर पानं पडत असतात.

मला एकच गोष्ट पाहायची होती. आईची आजी १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या दारात आली. सहा-सात वर्षांची असेल. बरोबर धाकटा भाऊ होता. आईबाप वाटेतच गेले होते. एवढं आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. तिला मिशनच्या अनाथगृहात ठेवलं, तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, पुढे मास्तरीण झाली. भाऊ जगला नाही. मी स्वतः पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, माझ्या आधी आईने, तिच्या आधी आजीने. त्या एका मुलीपासून ही ओळ सुरू होते.

ग्रंथपालबाईंनी त्या वर्षांचे अहवाल काढून दिले. खाली मऊ उशी ठेवतात आणि तिच्यावर पुस्तक उघडतात, पाठीचा कणा मोडू नये म्हणून. मी पान पान पाहिलं. दुष्काळाचं वर्णन होतं, आणि ते मनापासून लिहिलेलं होतं. नगरचे रॉबर्ट ह्यूम मुंबईत जन्मलेले, पन्नास वर्षं आमच्यात राहिलेले. दुष्काळातल्या कामासाठी १९०१ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलं. मिशनरींची नावं होती. काही पाळकांची, उपदेशकांची नावं होती. मुलांच्या जागी आकडे होते. एका रकान्यात आलेली, एका रकान्यात दगावलेली. मला मिळालेल्या पानांवर तरी एकाही लेकराचं नाव नव्हतं. आमची पणजी पहिल्या रकान्यात कुठेतरी होती. तिचा भाऊ दोन्ही रकान्यांत.

आकडा मी लिहून घेतला नाही.

पाळकसाहेब माझ्या शेजारी बसून होते. थोड्या वेळाने म्हणाले, "बाई, हे अहवाल ज्यांच्यासाठी छापले त्या बायकांकडेही जरा बघा." ते खरं होतं. १८६८ साली बोस्टनमध्ये वूमन्स बोर्ड ऑफ मिशन्स निघालं, आणि गावोगावच्या बायकांनी घरखर्चातून वाचवलेली नाणी एकत्र करून इथून शिक्षिका, डॉक्टर पाठवल्या. आमच्या बाया भाकरी करताना मूठभर पीठ प्रभूचं म्हणून बाजूला काढतात, तसंच ते. त्याच्याही आधी, १८२७ साली, सिंथिया फॅरार मुंबईला आल्या, लग्न न झालेली बाई समुद्र ओलांडून. पुढे १८३९ पासून मरेपर्यंत नगरला राहिल्या, मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले नगरला येऊन ती शाळा पाहून गेले आणि पुण्यात शाळा काढायची प्रेरणा तिथून मिळाली असं त्यांनी स्वतः सांगितलंय. या माणसांवर मला रागावता येत नाही. पणजी जगली ती त्यांच्यामुळे. तरीही तिचं नाव लिहायला एक ओळ लागली असती.

परतीच्या ट्रेनमध्ये कुणी फारसं बोललं नाही.

शनिवार

सेलमला गेलो. ऑक्टोबरात हे गाव उलटंपालटं झालेलं असतं. १६९२ मध्ये इथे चेटकीण म्हणून माणसांना फाशी दिली, आणि आता त्याचीच जत्रा भरते, काळ्या टोप्या घातलेल्या पोरींनी रस्ते भरलेले. मला ते बघवलं नाही. निरपराध माणसं मेली त्या जागी टोपी घालून फोटो कसा काढायचा?

आम्हांला जायचं होतं वॉशिंग्टन स्ट्रीटवर, टॅबरनॅकल चर्चमध्ये. मूळ इमारत आता नाही, नंतरची आहे. पण जागा तीच. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी इथे पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली: अॅडोनायरम जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले, तिथून आमची गोष्ट सुरू होते. थोड्याच वर्षांत मुंबईत त्यांचा छापखाना चालू झाला, १८३१ ला नगरला ठाणं झालं, १८४२ ला नगरहून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं. नारायण वामन टिळक १८९५ साली याच मिशनमध्ये बाप्तिस्मा घेऊन आले आणि आमच्या उपासनेला अभंगाची चाल मिळाली.

एक गोष्ट इथे उभं राहून माझ्या डोक्यात आली, ती सांगते. हे तरुण कलकत्त्याला उतरले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना निघून जायला सांगितलं. परवाना नाही, इथे थांबता येणार नाही. मुंबईतही गव्हर्नर नेपियन यांनी त्यांना परत पाठवायचं ठरवलं होतं. ते अर्ज करत राहिले, विनवत राहिले, आणि १८१३ च्या चार्टर कायद्यानंतर त्यांचं राहणं सुकर झालं. म्हणजे ज्यांनी आमच्याकडे सुवार्ता आणली त्यांनाही परवान्यावाचून दारातच अडवलं होतं. मी ढोलकीवाल्या पोराला व्हॉट्सअॅपवर हे लिहून पाठवलं. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं, आणि खाली, "बाई, ते थांबले. मीपण परत अर्ज करीन."

दुपारी धक्क्यावर बसलो. १९ फेब्रुवारी १८१२ ला 'कॅरव्हॅन' नावाच्या जहाजातून जडसन आणि न्यूएल ही दोन जोडपी याच बंदरातून निघाली. न्यूएलची बायको हॅरिएट हॅव्हरिलची, मावशींच्या गावापासून थोड्या अंतरावरची. अठरा वर्षांची होती. पुढे समुद्रातच ती बाळंत झाली, मूल पाच दिवसांत गेलं, आणि ३० नोव्हेंबरला मॉरिशसला तीही गेली. तिने मुंबई पाहिलीच नाही. नवरा पुढे मुंबईला आला आणि १८२१ साली पटकीने तिथेच वारला. गॉर्डन हॉलही पटकीनेच गेले, १८२६ साली, नाशिक भागात फिरतीवर असताना. पाळकसाहेबांच्या मिसेसनी पर्समधून मूठभर ज्वारी काढली. आमच्याकडच्या शेतातली. धक्क्यावरच्या दगडाच्या फटीत त्यांनी चारच दाणे टाकले. पोलिसाने पाहिलं, काही म्हणाला नाही.

रविवार

जागतिक प्रभुभोजन रविवार. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर मोडून वाटून घेणं. ऑक्टोबरचा पहिला रविवार हा, जगभरच्या बऱ्याच मंडळ्या एकाच दिवशी प्रभुभोजन घेतात. ही पद्धत १९३३ साली पिट्सबर्गच्या एका मंडळीतून सुरू झाली. मेजावर वेगवेगळ्या देशांच्या भाकरी ठेवतात. आम्ही सकाळी मावशींच्या स्वयंपाकघरात चपात्या लाटल्या. इथलं गव्हाचं पीठ जरा चिवट, पाणी जास्त मागतं, आणि विजेच्या शेगडीवर चपाती फुगवायची म्हणजे कसरत. पाचांतली एक फुगली. तीच मेजावर ठेवली.

देऊळ तीनशे माणसं बसतील एवढं आहे. त्या दिवशी मी मोजली, आमच्यासकट एकेचाळीस. बहुतेक पांढऱ्या केसांची. मधल्या बाकांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या, पण त्यांवरच्या गाद्या स्वच्छ झाडलेल्या. पाळक बाई आहेत. उपासनेच्या सुरुवातीला त्या म्हणाल्या, ही भूमी इथल्या मूळ रहिवासी पेनाकुक लोकांची होती. गोधडी पहिल्या बाकाच्या पाठीवर पसरून ठेवली होती.

आम्ही टिळकांचं एक भजन म्हटलं. ढोलकी पोराने आधीच रेकॉर्ड करून पाठवली होती, ती मोबाइलमधून लावली. मोबाइल चार वर्षांच्या एका मुलाने माईकपुढे धरला, हात दुखेपर्यंत. झांजा मी वाजवल्या. भजनाचा एकही शब्द त्यांना कळत नव्हता. दुसऱ्या कडव्याला मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मांडीवर ठेका धरला, आणि तो समेवर बरोबर पडत होता.

मग प्रार्थना. उपासनेचा छापील कागद आमच्या हातात होता. मागच्या पानावर आजाऱ्यांची, गरजवंतांची यादी. पाळकबाई एकेक नाव वाचत गेल्या आणि प्रत्येक नावानंतर सगळे क्षणभर गप्प राहत होते. इथली दहा-बारा नावं झाली. मग आमची सुरू झाली. माझ्या शेजारच्या घरातल्या जावेचं. वसतिगृहातल्या त्या मुलीचं, जिला मागच्या साली डेंग्यू झाला होता. पाळकसाहेबांच्या भावाचं. आणि माझ्या आईचं. इंग्रजीत, एक अक्षर जास्त घालून, उच्चार अर्धवट, पण पूर्ण नाव, आडनावासकट. पुढे कंसात: डोळे.

दोन वर्षांपूर्वी व्हिडिओ कॉलवर मी बोलता बोलता सांगितलं होतं, आईचं ऑपरेशन आहे, प्रार्थना करा. मी विसरून गेले होते. त्यांनी शंभर रविवार ते नाव वाचलं.

मला कागद दिसेनासा झाला. शुक्रवारचा तो रकाना आणि ही यादी, दोन्ही एकदम डोळ्यांपुढे होते. मावशींनी न बघताच रुमाल पुढे केला. नर्सच त्या.

आणि त्याच मिनिटाला दुसरंही काही लक्षात आलं, ते लिहिलंच पाहिजे. आमच्या मंडळीत आम्ही दर रविवारी यांच्यासाठी प्रार्थना करतो. शब्द असे: "अमेरिकेतल्या आमच्या भावाबहिणींना आशीर्वाद दे." एकोणीस वर्षं. एकही नाव नाही. आम्हीसुद्धा यांचा एक आकडाच करून ठेवला होता.

चपाती मोडताना पाळकबाईंनी आमच्या पाळकसाहेबांना पुढे बोलावलं. एक बाजू त्यांनी धरली, एक यांनी.

सोमवार

आज सभा. इथल्या समितीचे सातजण आणि आम्ही तिघं.

पैशाचं आधी बोललो. पूर्वी यांच्याकडून आमच्या वसतिगृहातल्या मुलींच्या फीसाठी पैसे यायचे. २०२० साली आपल्याकडच्या एफसीआरए कायद्यात, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात, बदल झाला. आता परदेशी देणगी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते, आणि एका नोंदणीकृत संस्थेने घेतलेली रक्कम दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. आमच्यासारख्या लहान मंडळीची स्वतःची नोंदणी नाही, पैसा मोठ्या संस्थेमार्फत यायचा. तो बंद झाला. गेली काही वर्षं एक डॉलर आलेला नाही. फी आम्ही गावातून गोळा करतो. दोन मुली कमी घ्याव्या लागल्या, त्याचं दुःख आहे.

इथल्या खजिनदारांना हे सगळं नीट ठाऊक होतं तरी ते चार वेळा माफी मागत होते. मग त्यांनी स्वतःच्या घराचं सांगितलं. मनोऱ्याचं लाकूड कुजलंय. हिवाळ्यात देऊळ गरम करायला तेल जळतं ते परवडत नाही, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत उपासना तळघरात होते. शेजारच्या गावच्या मंडळीशी एक व्हायचं की इमारत विकायची, हे पुढच्या वर्षी ठरवावं लागेल. त्यांच्या आवाजात लाज होती. जिथून दोनशे वर्षं माणसं जगभर पाठवली, ते घर राखता येत नाही म्हणून.

एका बाईंनी आम्हांला सरळ विचारलं, तुम्ही काय केलं असतं?

पाळकसाहेबांनी घाईने उत्तर दिलं नाही. मग त्यांनी आमच्या मंदिराचे पत्रे वादळात उडाले त्या सालचं सांगितलं. सात महिने आम्ही लिंबाखाली उपासना केली. आणि १९७० चं सांगितलं: नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. एक झाल्यावर नांदताना भांडणंही होतात, हेही लपवलं नाही. "इमारत राहील की नाही मला सांगता येणार नाही," ते म्हणाले, "पण शेजारच्या मंडळीत गेलात तर यादी बरोबर न्या." खजिनदारांनी ते वहीत लिहून घेतलं.

एका विषयावर आमचं जमलं नाही, तेही लिहिते. यांच्या दारावर सप्तरंगी झेंडा आहे. ही मंडळी ज्या पंथातली, त्या युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टच्या महासभेने १९८५ पासूनच समलिंगी माणसांचं मंडळीत स्वागत करायचं ठरवलंय. आमच्याकडे या विषयावर उघड बोलणंच होत नाही. पाळकसाहेब आणि इथल्या पाळकबाई सभेनंतर स्वयंपाकघरात बोलत राहिले, दोन तास. त्यांनी बायबल उघडलं, यांनी बायबल उघडलं. मत कुणाचं बदललं नाही. पण बाहेर आले तेव्हा सगळी भांडी घासून झाली होती, आणि पाळकसाहेबांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. घरी मी त्यांना तीस वर्षांत भांडी घासताना पाहिलेलं नाही.

मंगळवार

पहाटे निघून विल्यम्सटाउनला गेलो, तीन तास पश्चिमेला, डोंगरातून. वळणं माळशेजची आठवण देणारी, झाडं मात्र पेटल्यासारखी.

विल्यम्स कॉलेजच्या एका हिरवळीवर संगमरवरी खांब आहे आणि त्याच्यावर पृथ्वीचा गोल. १८०६ च्या ऑगस्टमध्ये पाच विद्यार्थी इथल्या शेतात प्रार्थनेला जमले होते. वीज कडाडली, पाऊस आला, आणि ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले. तिथे बोलता बोलता परदेशात सुवार्ता न्यायचं त्यांच्या मनाने घेतलं. त्यातूनच १८१० साली अमेरिकन बोर्ड झालं. गॉर्डन हॉल या कॉलेजचे १८०८ चे पदवीधर. पाचांतल्या एकाने म्हातारपणी येऊन जागा दाखवली, आणि १८६७ साली हा खांब उभारला. त्याच्यावर लिहिलंय की शेत म्हणजे हे जग.

आम्ही तिघंही शेतकऱ्यांची पोरं. गंजी आम्हांला सांगावी लागत नाही. कडब्याच्या गंजीला पाठ लावून पाऊस काढलेला आहे, आतून येणारा तो गरम वास नाकात बसलेला आहे. मी खांबाला पाठ लावून बसले. संगमरवर थंडगार होता. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, लांब नाही. पाचही मुलांची नावं घेऊन केली. आधीच वाचून पाठ केली होती.

बुधवार, गुरुवार

बुधवारी कुठे गेलो नाही. मी एक वही घेतली आणि मावशींबरोबर गावात फिरले. दुकानात, टपाल कचेरीत, दोन घरी, एका वृद्धाश्रमात. मंडळीतल्या प्रत्येकाचं नाव त्याच्या तोंडून ऐकलं आणि देवनागरीत लिहिलं, म्हणजे आमच्याकडे वाचताना चुकणार नाही. नावापुढे काय मागायचं ते. गुडघा. मुलाची दारू सुटावी. एकटेपणा. मनोरा. मांडीवर ठेका धरणाऱ्या आजोबांनी बराच वेळ विचार करून सांगितलं, बायकोला मी पुन्हा ओळखू यावा.

गुरुवारी विमान. मावशींनी बॅगेत एक लहानसा चौकोन ठेवला, क्विल्टचा, निळा-पांढरा. टाके मुद्दाम लांब घातले होते, आईच्या कोपऱ्याइतके.

घरी

शनिवारी दुपारी पोहोचले. आई ओसरीवर वाट पाहत होती. यादीचं सांगितलं, आडनावासकट वाचतात हे सांगितलं. ती गप्प बसली. मग विचारलं, "त्या तुझ्या मावशीला काय झालंय?" मी म्हटलं, गुडघे. "नाव काय तिचं?" मी वही उघडली. आईने तिचं बायबल मागितलं. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आमच्या घरातले जन्म-मृत्यू लिहिलेले आहेत, सगळ्यात वर पणजीचं नाव. त्याखाली एक जागा दाखवून म्हणाली, इथे लिही.

मी लिहिलं. आईने पान डोळ्यांजवळ नेऊन एकेक अक्षर वाचलं, मग मला म्हणाली, इथे एक काना राहिलाय बघ. मी काना दिला.